संगणक-समूह व सामायिक साठा : रेल्वे आरक्षण आणि खानदेश

एकच नोंदसाठा दोन किंवा अधिक संगणकांना जोडून, त्यांपैकी एखादा बंद पडला तरी उरलेल्यांनी काम अखंड चालू ठेवावे, अशा हेतूने केलेल्या रचनेस संगणक-समूह असे म्हणतात. या रचनेत ग्राहकांची मागणी पुरी करणारा संगणक म्हणजे सर्व्हर आणि सर्व सर्व्हरना जोडलेला चुंबकीय चकत्यांचा संच म्हणजे सामायिक साठा होय. बँका, शेअर बाजार, दूरध्वनी, वीजवितरण इ. अनेक सेवा आज अशा समूहांवर चालतात. भारतात ज्या सार्वजनिक सेवांतून सामान्य माणसाचा या तंत्राशी संबंध आला, त्यांत रेल्वेचे संगणकीय आरक्षण अग्रेसर आहे. जळगाव किंवा धुळे येथील प्रवासी खिडकीपाशी उभा राहून मागतो ती जागा गावातल्या कोणत्याही वहीत नसते. ती दूरच्या एका साठ्यात असते आणि त्याच क्षणी शेकडो खिडक्यांवरून त्याच साठ्याकडे मागणी चाललेली असते. ही मागणी पुरी करताना सेवा खंडित होऊ नये आणि एक जागा दोघांना दिली जाऊ नये, या दोन अपेक्षा परस्परांशी नेहमीच जुळतात असे नाही. त्यांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून सामायिक साठ्याचे तंत्र घडत गेले.

खानदेशातील लोहमार्ग : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून निघालेला मार्ग चाळीसगाव, जळगाव व भुसावळ या गावांवरून पूर्वेकडे गेला. १८६७ मध्ये तो नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७० मध्ये जबलपूर येथे ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडला गेल्याने मुंबई व कलकत्ता यांच्यामधील लोहमार्ग पुरा झाला. नागपूरकडे व इटारसीकडे जाणारे फाटे जेथे वेगळे होतात, ते भुसावळ मुंबईपासून सु. ४४५ किमी.वर आहे. त्याच्या अलीकडे सु. ४२० किमी.वर असलेल्या जळगावला सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून आलेला मार्ग मिळतो. धुळ्याला मात्र मुख्य मार्गाचा लाभ झाला नाही. १९०० मध्ये सुरू झालेला चाळीसगाव–धुळे हा सु. ५६ किमी.चा फाटा हाच त्याचा लोहमार्गाचा आधार राहिला. पूर्वीच्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांचेच पुढे जळगाव व धुळे जिल्हे झाले आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला.

या भूगोलाचा आरक्षणाशी निकटचा संबंध आहे. जळगाव व भुसावळ येथून जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तेथे सुरू होत नाहीत आणि तेथे संपतही नाहीत. मुंबई, हावडा, दिल्ली, सुरत, अहमदाबाद अशा दूरच्या ठिकाणांहून सुटणाऱ्या गाड्या येथून केवळ पुढे जातात. शिवाय मुंबई–भुसावळ हा मार्ग मध्य रेल्वेकडे, तर नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही सुरत मार्गावरील स्थानके पश्चिम रेल्वेकडे आहेत. त्यामुळे ज्या गाडीत बसायचे तिची नोंद दुसऱ्याच गावी आणि कित्येकदा दुसऱ्याच रेल्वेकडे, ही खानदेशच्या प्रवाशाची नेहमीची स्थिती होती.

नोंदवहीचा काळ : संगणक येण्यापूर्वी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेसाठी स्वतंत्र नोंदपत्रक असे. प्रवाशाचे नाव, वय व शायिकेचा क्रमांक कारकून त्यात हाताने लिहीत असे. मोठ्या स्थानकांवर गाडीनुसार खिडक्या ठरलेल्या असत; एका गाडीचे पत्रक एका वेळी एकाच कारकुनापुढे असल्यामुळे एक शायिका दोघांना दिली जाण्याची शक्यता कमी राही. मधल्या स्थानकांसाठी काही शायिकांचा वाटा, म्हणजे कोटा, राखून ठेवलेला असे आणि त्या स्थानकाने तेवढ्याच जागा द्यावयाच्या असत. परतीच्या किंवा पुढील प्रवासाच्या जागेसाठी संबंधित स्थानकाला तार पाठवावी लागे आणि उत्तर येईपर्यंत प्रवासी अनिश्चिततेत राही.

या पद्धतीचे गुणदोष एकाच मुळातून आलेले होते. नोंद जेथे एकाच वहीत होती, तेथे ती अचूक राही, परंतु वहीपर्यंत पोहोचणे कठीण होते. नोंद जेथे अनेक वह्यांत वाटून दिली होती, तेथे ती जवळ आली, परंतु वह्यांचा परस्परांशी मेळ राहिला नाही. एका स्थानकाचा वाटा रिकामा जात असताना दुसऱ्या स्थानकावर प्रतीक्षायादी वाढत असे. कोटा ही केवळ कार्यालयीन सोय नव्हती. सर्वांना एक वही एकाच वेळी वापरता येत नाही, या अडचणीवर काढलेला तो तोडगा होता.

एक वही, अनेक हात : हीच अडचण अमेरिकेत विमानवाहतुकीला प्रथम तीव्रतेने जाणवली. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी मिळून उभारलेली सेबर ही आरक्षणव्यवस्था १९६४ पर्यंत पूर्णपणे कार्यान्वित झाली. न्यूयॉर्क राज्यातील ब्रायरक्लिफ मॅनर येथे तिच्यासाठी आयबीएम ७०९० जातीचे दोन संगणक बसविण्यात आले होते. एक प्रत्यक्ष काम करी व दुसरा राखीव असे. पहिल्यात बिघाड झाल्यास नोंदसाठा दुसऱ्याला जोडून काम पुढे नेता येई. संगणक बंद पडू शकतो, हे गृहीत धरूनच ही व्यवस्था उभारलेली होती.

राखीव संगणक नुसता बसवून ठेवण्यात मोठा खर्च वाया जातो. म्हणून १९७४ मध्ये स्थापन झालेल्या टँडेम या कंपनीने सर्व प्रक्रियक एकाच वेळी कामात ठेवणारी आणि प्रत्येक चकती दोन प्रक्रियकांना जोडणारी यंत्रणा तयार केली. १९७६ पासून ती ग्राहकांना मिळू लागली. तिच्यात एका वेळी चकतीचा ताबा एकाकडेच असे आणि तो निकामी झाल्यास दुसरा त्याची जागा घेई.

यापुढील महत्त्वाचे पाऊल डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने १९८३ मध्ये व्हॅक्स-समूह जाहीर करून टाकले. त्यात संगणक व चकत्यांचे नियंत्रक मिळून सोळापर्यंत घटक एका मध्यवर्ती जोडपेटीला ताऱ्याच्या आकारात जोडता येत. प्रत्येक जोडणी दुहेरी असून तिची गती सेकंदाला ७ कोटी बिट, म्हणजे द्विमान अंक, इतकी होती. चकत्या कोणा एका संगणकाच्या मालकीच्या नव्हत्या. त्या स्वतंत्र नियंत्रकांमार्फत सर्वांना सारख्याच उपलब्ध होत्या. समूहातील सर्व संगणकांनी एकच साठा एकाच वेळी वाचावा व लिहावा, ही कल्पना या रचनेमुळे व्यवहारात रूढ झाली. व्हीएमएस ही तिची कार्यप्रणाली पुढे ओपनव्हीएमएस या नावाने ओळखली जाऊ लागली आणि भारतीय रेल्वेच्या आरक्षणाचा भार दीर्घकाळ तिच्यावर राहिला.

भारतातील संगणकीय आरक्षण : सीएमसी या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने इम्प्रेस नावाची आज्ञावली तयार केली आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये दिल्ली येथे तिचा प्रायोगिक वापर सुरू झाला. नंतरच्या काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे आरक्षणकेंद्रे उभी राहिली. कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागल्याने गाडीनुसार रांगा लावण्याची गरज संपली. रेल्वेच्या संगणकीय कामांसाठी रेल्वे माहिती प्रणाली केंद्र म्हणजे क्रिस ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली.

तथापि ही पाच केंद्रे प्रारंभी परस्परांपासून अलग होती. प्रत्येकाचा साठा स्वतंत्र होता आणि एका केंद्रावरील गाड्यांची नोंद दुसऱ्याला दिसत नसे. जुन्या असंख्य वह्यांच्या जागी पाच मोठ्या वह्या आल्या, पण वह्या पाचच राहिल्या. मुंबईच्या केंद्राशी जोडलेल्या खिडकीवर मुंबईकडच्या साठ्यातील गाड्यांचे आरक्षण तत्काळ होई, परंतु दिल्लीहून परतीची जागा मिळविण्याचा प्रश्न त्याने सुटत नव्हता.

क्रिसने कॉन्सर्ट ही नवी आज्ञावली तयार केली आणि १९९४ मध्ये सिकंदराबाद येथे ती प्रथम वापरात आणली. तीत पाचही साठे एकत्र करून एक प्रचंड साठा उभारण्यात आला नाही. प्रत्येक गाडीची नोंद तिच्या केंद्राच्या साठ्यातच ठेवून, इतर केंद्रांवरून येणारी मागणी तेथपर्यंत खात्रीने पोहोचविण्याची व्यवस्था करण्यात आली. मागणी वाटेत हरवू नये आणि एकच मागणी दोनदा नोंदली जाऊ नये, याची काळजी घेणारी एक मध्यस्थ आज्ञावली त्यासाठी वापरण्यात आली. एप्रिल १९९९ मध्ये पाचही केंद्रांची जोडणी पूर्ण झाली. तेव्हापासून जळगावच्या खिडकीवर हावडा–दिल्ली प्रवासाचे तिकीट मिळणे ही नवलाची गोष्ट राहिली नाही. मध्य व पश्चिम या दोन्ही रेल्वेंची आरक्षणे मुंबई केंद्राकडे असल्याने भुसावळ व नंदुरबार ही स्थानके प्रशासनाच्या दृष्टीने निराळी असली, तरी आरक्षणाच्या दृष्टीने एकाच साठ्यावर आली. तिकिटावरील दहा अंकी प्रवासी-नोंद क्रमांकात याची खूण आढळते. ८ किंवा ९ या अंकाने सुरू होणारा क्रमांक सामान्यतः मुंबई केंद्राच्या साठ्यातील नोंद दर्शवितो.

जोडणीची रचना : सामायिक साठ्याच्या मांडणीत प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी ठेवतात. एका सर्व्हरमध्ये साठ्याकडे जाणारी दोन स्वतंत्र जोडपत्रे बसवितात. त्यांतून निघालेल्या दोन तारा दोन वेगळ्या जोडपेट्यांकडे जातात आणि तेथून साठ्याच्या दोन वेगळ्या नियंत्रकांकडे पोहोचतात. दुसऱ्या सर्व्हरचीही मांडणी अशीच असते. परिणामी एखादे पत्र, तार, पेटी किंवा नियंत्रक निकामी झाला, तरी प्रत्येक सर्व्हरला साठ्यापर्यंत जाणारा एक मार्ग शिल्लक राहतो. एकाच चकतीकडे दोन वाटांनी जाता येत असल्यामुळे ती सर्व्हरला दोन निराळ्या चकत्यांसारखी भासू शकते. त्या दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात, हे ओळखणारी आज्ञावली प्रत्येक सर्व्हरवर असावी लागते.

चकत्याही एकट्या ठेवीत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अनेक स्वस्त चकत्यांवर नोंद अशा रीतीने विभागण्याच्या पद्धती मांडल्या की, त्यांतील एखादी नष्ट झाली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा मिळविता येतो. रेड या नावाने ओळखली जाणारी ही पद्धती आज सर्वत्र रूढ आहे. सर्व्हर व साठा जोडणाऱ्या तारांतही बदल होत गेले. आरंभीच्या जाड व आखूड तारांच्या जागी १९९० नंतरच्या दशकात प्रकाशीय तंतू आले. सर्व्हर व साठा निरनिराळ्या खोल्यांत आणि पुढे निरनिराळ्या इमारतींतही ठेवता येऊ लागले. अशा तंतूंच्या व जोडपेट्यांच्या जाळ्यास साठवण-जाळे म्हणतात.

सर्व्हर एकमेकांना ठरावीक काळाने लहानसा संकेत पाठवीत राहतात. यास हृदयस्पंद असे नाव पडले आहे. एखाद्याचा संकेत येईनासा झाला की तो बंद पडला असे समजून दुसरा त्याचे काम उचलतो. मात्र त्यापूर्वी त्याला साठ्यावरील कामनोंद वाचावी लागते. प्रत्येक बदल करण्यापूर्वी त्याची टिपणी कामनोंदीत केलेली असते. जे व्यवहार तीत पूर्ण झालेले दिसतात ते कायम केले जातात आणि जे अर्धवट राहिले ते रद्द केले जातात. प्रवाशाचे पैसे घेतले पण शायिका नोंदली नाही, किंवा शायिका नोंदली पण तिकीट छापले नाही, अशी मधली अवस्था साठ्यात राहू नये, हा यामागील उद्देश असतो. पहिल्या सर्व्हरच्या केवळ स्मरणात असलेली गोष्ट त्याच्याबरोबर नाहीशी होते. साठ्यावर लिहिलेली तेवढी उरते. म्हणून साठ्यावर लिहिल्याची पोच मिळेपर्यंत कोणतेही आरक्षण पक्के मानता येत नाही.

दुभंगाचा धोका : या रचनेतील सर्वांत कठीण प्रसंग संगणक बंद पडण्याचा नसून, तो बंद पडला आहे की नाही हे न कळण्याचा असतो. समजा, दोन्ही सर्व्हर धडधाकट आहेत, पण त्यांच्यामधील संकेताची तार तुटली. प्रत्येकाला दुसरा गेला असे वाटेल, प्रत्येकजण साठ्याचा ताबा घेईल आणि दोघेही त्याच चकतीवर आपापल्या समजुतीने लिहू लागतील. मुंबई–हावडा मेलच्या एकाच शायिकेवर एका सर्व्हरने जळगावच्या प्रवाशाचे आणि दुसऱ्याने नागपूरच्या प्रवाशाचे नाव लिहिले, तर त्याचा निवाडा डब्याच्या दारात तिकीट तपासनिसाला करावा लागेल. याहून वाईट म्हणजे साठ्याची अनुक्रमणिकाच विस्कटली, तर एका शायिकेचा नव्हे, तर सबंध गाडीचा हिशेब नाहीसा होईल.

यावर तीन उपाय योजले जातात. पहिला उपाय कुलपांचा. एखादी नोंद बदलण्यापूर्वी सर्व्हरने तिचे कुलूप मागून घ्यावयाचे आणि काम संपल्यावर सोडावयाचे. कोणते कुलूप कोणाकडे आहे हे समूहातील सर्वांना ठाऊक असते. दुसरा उपाय गणपूर्तीचा. सभेला पुरेसे सभासद हजर नसतील, तर ठराव करता येत नाही. त्याचप्रमाणे एकूण मतांपैकी निम्म्याहून अधिक मते ज्याच्या बाजूला आहेत, तोच गट साठ्यावर लिहू शकतो. दोनच सर्व्हर असतील तर मते समसमान होतात, म्हणून सामायिक साठ्यावरील एका चकतीला तिसरे मत देतात. दुभंग झाल्यास जो सर्व्हर त्या चकतीचे मत मिळवील, त्याच्या बाजूला दोन मते होतात व दुसरा आपले काम थांबवितो. व्हीएमएसमध्ये गणपूर्ती गमावलेला संगणक चुकीचे काहीही लिहिण्याऐवजी जागच्या जागी स्तब्ध राहतो.

तिसरा उपाय कुंपणाचा होय. संशयित सर्व्हरने स्वतःहून थांबावे यावर विसंबून न राहता त्याचा साठ्याकडे जाणारा मार्गच बंद करतात किंवा त्याची वीज तोडतात. चकत्यांच्या जोडणीसाठी १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या स्कझी पद्धतीत अशा ताब्यासाठी खास आज्ञा आहे. तिला तंत्रज्ञांच्या भाषेत आरक्षण असेच म्हणतात. ज्या सर्व्हरने चकती आरक्षित केली, त्याच्याखेरीज इतरांचे लेखन चकतीच नाकारते. पुढे या आज्ञेत सुधारणा होऊन सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला तरी टिकणारे आरक्षण करता येऊ लागले. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटीसाठी दिलेली समूह-सेवाही सामायिक चकतीच्या अशाच ताब्यावर आधारलेली होती. तिच्यामुळे लहान कार्यालयांनाही दोन सर्व्हरचा समूह उभारणे शक्य झाले.

रेल्वेला हा विचार नवा नव्हता. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत, म्हणून दोन स्थानकांमधील टप्प्यासाठी टोकन देण्याची पद्धत फार जुनी आहे. दोन्ही स्थानकांवरील टोकन-यंत्रे तारेने अशी जोडलेली असतात की, एक टोकन बाहेर निघाले की ते परत आत जाईपर्यंत दुसरे निघत नाही. टोकन हाती नसेल तर चालकाने थांबून राहावयाचे असते, मग मार्ग रिकामा असण्याची कितीही शक्यता असो. यंत्र बिघडले की गाड्यांना उशीर होतो, अपघात होत नाही. सामायिक साठ्याचे नियमही याच तत्त्वावर उभे आहेत. शंका असेल तेव्हा सेवा थांबवावी, नोंद बिघडू देऊ नये; कारण थांबलेली सेवा पुन्हा सुरू करता येते, परंतु दोन हातांनी लिहिलेली नोंद सुधारण्यास खात्रीचा आधार उरत नाही.

मर्यादा : अखंड सेवेचे हे तंत्र ज्या भागांपुरते दुहेरी केले, त्या भागांपुरतेच लागू पडते. मुंबईतील समूह कितीही भक्कम असला, तरी जळगाव किंवा धुळे येथील खिडकीपासून तेथवर जाणारी दूरसंचार तार एकच असेल, तर ती तुटताच खिडकीपुरती सेवा खंडित होते. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेल या सार्वजनिक कंपनीने लोहमार्गाच्या कडेने प्रकाशीय तंतूंचे जाळे विस्तारल्यावर रेल्वेला स्वतःचा मोठा दूरसंचार आधार मिळाला. ३ ऑगस्ट २००२ रोजी इंटरनेटवरून आरक्षण सुरू झाले आणि त्यानंतर स्थानकावरील खिडकी हा साठ्याकडे जाण्याचा एकमेव मार्ग राहिला नाही. २०२० नंतरच्या दशकात आरक्षित तिकिटांपैकी पाचांत चारांहून अधिक तिकिटे इंटरनेटवरून काढली जाऊ लागली. त्यामुळे समूहावरील भार अनेक पटींनी वाढला आणि तो दिवसभर सारखा न राहता ठरावीक वेळी, विशेषतः तत्काळ आरक्षण उघडण्याच्या क्षणी, एकवटू लागला.

दुसरी मर्यादा साठा सामायिक असण्यातच आहे. सर्व्हर दोन असले तरी नोंद एकच असते. कोणी चुकीच्या आज्ञेने नोंद पुसली, तर ती दोन्ही सर्व्हरच्या दृष्टीने पुसली जाते. म्हणून समूह हा राखीव प्रतीला पर्याय ठरत नाही. साठ्याच्या प्रती ठरावीक काळाने अन्यत्र काढून ठेवाव्याच लागतात. गाडी सुटण्यापूर्वी छापला जाणारा आरक्षण-तक्ता हीदेखील एक प्रकारची प्रतच होय. तो तयार झाल्यानंतर केंद्राशी संबंध तुटला, तरी गाडीतील तपासनिसाला कोणाची शायिका कोणती हे सांगता येत असे.

तिसरी मर्यादा जोडणीची आहे. साठा शाबूत आहे, सर्व्हरही शाबूत आहेत, पण त्यांना एकमेक दिसत नाहीत, अशी स्थिती उद्भवू शकते. मुंबई येथील राष्ट्रीय शेअर बाजारात २४ फेब्रुवारी २०२१ रोजी याचा प्रत्यय आला. बाजाराने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, मुख्य केंद्र व जवळचे पर्यायी केंद्र यांमधील दूरसंचार जोडण्या अस्थिर झाल्या. त्या जोडण्या दोन वेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या, तरीही दोन्ही बाधित झाल्या. त्याचा अनपेक्षित परिणाम साठवण-जाळ्यावर होऊन साठा सर्व्हरना मिळेनासा झाला. खरेदी-विक्रीची मुख्य यंत्रणा चालू होती, परंतु जोखमीवर देखरेख करणारी यंत्रणा या साठ्यावर अवलंबून होती. तिच्याविना व्यवहार चालू ठेवणे धोक्याचे असल्याने सकाळी ११·४० वाजता व्यवहार थांबविण्यात आले. दुपारी ३·४५ वाजता ते पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी वेळ वाढवून सायंकाळी ५ वाजेपर्यंत चालले. दोन जोडण्या घेतल्या म्हणजे त्या परस्परांपासून स्वतंत्र झाल्या असे नाही, हा धडा या घटनेने दिला. एकाच रस्त्याखालून जाणाऱ्या दोन तारा एकाच खोदकामात तुटू शकतात. तारा कोणत्या कंपनीच्या आहेत याइतकेच त्या कोणत्या वाटेने जातात, हेही तपासावे लागते.

यंत्रांचे आयुष्य : समूहातील एखादा संगणक बदलताना दुसरा काम सांभाळतो, त्यामुळे सेवा फार काळ न थांबविता यंत्रांच्या पिढ्या बदलता येतात. ओपनव्हीएमएसचा प्रवास याचे उदाहरण आहे. व्हॅक्स संगणकांनंतर ही कार्यप्रणाली अल्फा व त्यानंतर इटॅनियम या प्रक्रियकांवर आली. तिची मूळ कंपनी १९९८ मध्ये कॉम्पॅकने व कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने घेतली. कंपन्यांची नावे बदलली, परंतु आरक्षणाची नोंद चालू राहिली. रेल्वेची आरक्षणव्यवस्था २०१० मध्ये इटॅनियम सर्व्हरवर आली. या प्रक्रियकांचा पुरवठा इंटेल कंपनीने २०२१ मध्ये थांबविला. ज्या यंत्राचे सुटे भाग व जाणकार दोन्ही दुर्मिळ होत जातात, ते दुहेरी बसवूनही सुरक्षित राहत नाही. संसदेत ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार या व्यवस्थेची क्षमता मिनिटाला सु. २५,००० तिकिटांची होती आणि तिच्या सु. चौपट क्षमतेची नवी व्यवस्था उभारण्याचे काम हाती घेण्यात आले होते.

नव्या रचनांत एकच सामायिक साठा ठेवण्याऐवजी प्रत्येक सर्व्हरवर स्वतंत्र साठा ठेवून त्यांच्या प्रती जाळ्यामार्फत जुळत्या ठेवण्याकडे कल दिसतो. अशा रचनेत साठ्याकडे जाणाऱ्या खास तारा व जोडपेट्या लागत नाहीत आणि साठा हाच एकमेव दुबळा दुवा राहत नाही. तथापि कोणती प्रत खरी मानावी हा प्रश्न तेथेही उरतोच आणि तो बहुमतानेच, म्हणजे जुन्या गणपूर्तीच्या नियमानेच सोडविला जातो. गाडीनुसार मांडलेल्या नोंदपत्रकांपासून प्रकाशीय तंतूंच्या जाळ्यापर्यंत साधने पालटली, पण एका शायिकेवर एका वेळी एकाच हाताने नाव लिहावे हा नियम कायम राहिला. भुसावळच्या फलाटावर मध्यरात्री गाडीत चढणाऱ्या प्रवाशाला आपली जागा मोकळी सापडते, ती या नियमामुळे.